बिनदाराचा निवारा

मी, पाव्ला रुतार, दिवंगत त्सिरिल रुतार यांची पत्नी, जन्म झाब्रदो गावी, लग्नानंतर राहणार पोडलाझ, वय ब्याऐंशी, धंदा पूर्वी वेतर्ना खिंडीतला निवारा चालवणे व सध्या गुडघे सांभाळणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला मागायला गेले तेव्हा डॉक्टर हसले. म्हणाले, "आजी, तुमच्या डोक्यावर कोणी शंका घेतलीय का?" मी म्हटलं, "अजून नाही. पण मी काय लिहिणार आहे ते कळलं की दोन गावं घेतील." हे लिहिण्यासाठी मला कोणीही भरीस घातलेले नाही. वेगळेच काहीतरी लिहावे म्हणून मात्र पुष्कळांनी घातले.

कलम १. पोडलाझ येथील राहते घर, मागचा गोठा, मधमाश्यांच्या पेट्या आणि सफरचंदाची झाडे मी माझी एकुलती मुलगी मिलेना हिला देत आहे. ती शहरात राहते आणि घर विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावे. फक्त पलीकडच्या घरातल्या त्या गृहस्थाला विकू नये, ज्याने माझ्या अक्रोडाची फांदी मी वर डोंगरावर असताना तोडली आणि वर तोंड करून म्हणाला की ती वाऱ्याने पडली. वारा करवत घेऊन येत नाही.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझा अंत्यविधी व्हावा आणि उरेल ते मिलेनाचे. शवपेटी साधी असावी. फुलांच्या पैशात सरपण घ्यावे आणि ते वर पाठवावे.

कलम ३. त्सिरिलची हत्यारे. त्याचा रंधा मी माझा धाकटा भाऊ व्हेन्को, राहणार झाब्रदो, याला देत आहे. व्हेन्को गवंडी आहे, रंध्याचा त्याला काडीचा उपयोग नाही. त्सिरिलचा ओळंबा मी माझा दीर लोय्झे, राहणार पोडलाझ, याला देत आहे. लोय्झे सुतार आहे. ही चूक नाही. व्हेन्कोला ओळंबा लागला की त्याने लोय्झेच्या दारात जाऊन मागावा, आणि लोय्झेला रंधा हवा असला की त्याने झाब्रदोची चढण चढावी. दोघेही सत्तरीच्या पुढे गेले तरी दोघांची अक्कल अजून गुडघ्यातच आहे, आणि गुडघे माझ्यासारखेच गेलेले आहेत.

धुक्यात वाजवायची पितळी घंटा, जवाचे सूप शिजवायचे मोठे पातेले आणि माझे ऊबदार जाकीट मी माझी नात झिवा, मिलेनाची मुलगी, हिला देत आहे. मिलेनाला डोंगर कधी आवडला नाही, झिवाला दुसरे काही आवडले नाही. कळायला लागल्यापासून प्रत्येक उन्हाळा ती माझ्याबरोबर वर राहिली. पातेल्यात डाव कसा फिरवायचा, भिजून आलेल्या माणसाला आधी कोरडे मोजे आणि मग प्रश्न, हे तिला शिकवावे लागले नाही. निवारा जळल्यापासून ती तळ्याकाठच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा मोजते. हॉटेलवाल्यांनी तिला कायमची नोकरी देऊ केली आहे. ती त्यांना म्हणाली, "उन्हाळ्याआधी सांगते." तिने थांबवून ठेवले आहे ते कशासाठी, हे मला कळते. म्हणूनच मी हे आत्ता लिहीत आहे.

कलम ४. आता मुद्द्याचे.

वेतर्ना खिंडीतले कुरण, ज्यावर निवारा उभा आहे, ते माझ्या मालकीचे आहे. चतुःसीमा: उत्तरेस स्तारेत्स शिखराचा कडा, दक्षिणेस झरा व त्याखालचा उतार, पूर्वेस पोडलाझची वाट, पश्चिमेस झाब्रदोची वाट. हे कुरण माझ्या वडिलांनी मला लग्नात दिले. नंतर राज्याने ते सहकारी संस्थेच्या नावावर केले. मग ते राज्यच मोडले आणि नव्या राज्याने कुरण मला परत दिले. एवढ्या सगळ्यात जमीन जागची हलली नाही आणि गवत दर वर्षी उगवत राहिले.

निवारा पहिल्यांदा बांधला तो पोडलाझच्या पाद्रीबाबांनी, म्हाताऱ्या कैसरच्या अमदानीत. दार त्यांनी पूर्वेला, पोडलाझकडे ठेवले. पहिल्या महायुद्धानंतर सीमा खिंडीतून गेली आणि निवारा, आमच्या झाब्रदोसकट, इटलीत गेला. मी जन्मले ती इटलीच्याच राज्यात. इटलीच्या शिपायांनी पूर्वेचे दार दगडांनी बुजवून टाकले आणि पश्चिमेला, झाब्रदोकडे, नवे फोडले. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्ही गावे एका देशात आली, पण दार पश्चिमेलाच राहिले. तेव्हापासून पोडलाझवाले म्हणतात, मूळ दार आमचं. झाब्रदोवाले म्हणतात, चालतं दार आमचं. यावरून जमलेली लग्ने मोडली आहेत. माझे मोडले नाही, कारण त्सिरिल पोडलाझचा असूनही सगळा जन्म झाब्रदोच्या दारातून ये-जा करत राहिला. कोणी टोकलेच तर म्हणायचा, "दारच आहे ते. त्याच्यापुढे काय मेणबत्ती लावायची?"

माझे माहेर झाब्रदो आणि सासर पोडलाझ. माहेरी मला पोडलाझची हेर म्हणतात आणि सासरी झाब्रदोची कैदाशीण. दोन्हीकडे जेवायला मात्र मीच वाढते.

त्सिरिलने आणि मी जन्मभर तो निवारा चालवला. दोन्ही वाटांच्या पायथ्याशी सरपणाचा ढीग असायचा. वर येणाऱ्याने एक ओंडका खांद्यावर आणायचा आणि त्याला लिंबाचा चहा फुकट. न्यायाधीश आणायचे, विद्यार्थी आणायचे, नवस बोललेल्या बायका दोन-दोन आणायच्या. वर जिथे झाडे उगवायची थांबतात ती रेषा ओलांडली की आमच्यात कोणी कोणाला 'तुम्ही' म्हणत नाही, तेव्हा न्यायाधीशालाही मी म्हणायचे, "अरे, ओंडका ओला आणलास की! जा, बाहेर उन्हात ठेव." आणि तो ठेवायचा. हिवाळ्यात आम्ही खाली उतरायचो, पण एक खोली उघडी राहायची. तिला कुलूप कधीच नव्हते. आत चूल, कोरडे सरपण, काड्यापेटी, घोंगड्या. जाणाऱ्याने पुढच्यासाठी ढलप्या फोडून ठेवायच्या, एवढाच नियम. कैसर गेला, इटली गेली, युद्धानंतरच्या राज्याचे मार्शल गेले, तो नियम कोणी मोडला नाही.

त्सिरिल गेल्यावर दुसऱ्या ऑगस्टात निवाऱ्यावर वीज पडली. सगळे पाहुणे सुखरूप बाहेर आले. घंटा मी स्वतः काढून आणली, पातेले नंतर राखेत सापडले. बाकी सगळे जळले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी जे पाहिले ते विसरणे शक्य नाही. पायथ्याशी ओंडक्यांच्या जागी छपरासाठी लार्चच्या लाकडाच्या कौलांचा ढीग पडला आणि प्रत्येकजण एकेक कौल वर नेऊ लागला. शाळेची मुले, पेन्शनर, वाट चुकलेले जर्मन. एक जोडपे चर्चमध्ये लग्न लावून तसेच वर आले. नवरीच्या एका हातात फुले आणि काखेत दोन कौले. दोन्ही गावांचे लोक एका ताटात जेवले. व्हेन्कोने भिंती धरल्या, लोय्झेने छप्पर धरले. मला वाटले, आता मी सुखाने डोळे मिटायला मोकळी झाले.

मग दाराची वेळ आली.

व्हेन्कोने पश्चिमेला दारापुरती जागा सोडून भिंत घातली. पुढच्या शनिवारी लोय्झे पोरे घेऊन गेला, ती जागा बुजवली आणि पूर्वेला फोडली. त्याच्या पुढच्या शनिवारी व्हेन्को गेला आणि पूर्वेची बुजवली. सरपंचबाईंनी दोघांना बोलावून सांगितले की निकाल लागेपर्यंत दार कुठेच नको, आधी छप्पर घाला, बर्फ निकालासाठी थांबणार नाही. दोघांनीही मान डोलावली आणि छप्पर घातले. नंतर चूल आली, बाके आली, खिडक्यांना काचा आल्या. भिंती चार, चारही भरीव. दक्षिणेच्या खिडकीला शिडी लावली, आणि दोन्ही गावे गेले तीन उन्हाळे त्या खिडकीतून आत-बाहेर करत आहेत, आणि कोणाला म्हणून लाज वाटत नाही!

गेल्या वर्षी ईस्टरला दोघांना मी जेवायला बोलावले. हॅमचा पहिला तुकडा पोटात जायच्या आत सुरू झाले.

"ताई, तूच समजाव या सुताराला," व्हेन्को म्हणाला. "वारा पूर्वेकडनं येतो. तिकडे दार ठेवलं तर पाहुण्याच्या सुपात बर्फ पडेल."

"वहिनी, वारा पश्चिमेकडनंही येतो," लोय्झे म्हणाला. "ती खिंड आहे, तिथे वाराच राहतो. याला फक्त आपल्या गावच्या धुराड्यांकडे बघत चहा प्यायचाय."

"इतकी वर्षं दार पश्चिमेला होतं, तेव्हा तुझी चहा पिताना जीभ भाजली का?"

"इटलीच्या शिपायानं पाडलेलं भोक ते! त्याला दार म्हणतोस?"

"आणि पाद्र्यानं पाडलेलं म्हणजे काय स्वर्गाचं दार?"

मी टेबलावर डाव आपटला. म्हटलं, "मेल्यांनो, खिडकीतनं जाता ना दोघं? मग तुमच्या शवपेट्याही खिडकीतनंच काढा." दोघे हसले. मी हसत नव्हते, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

जेवण झाल्यावर लोय्झे हळूच म्हणाला, "वहिनी, एकदा वर चला तरी. आम्ही शिडी घट्ट धरतो. आतून बघा किती छान झालंय." मी नाही म्हटले आणि नाहीच म्हणत आले. ज्या घरात मी जन्मभर लोकांना दारात उभी राहून आत घेतले, त्या घरात मी शिडी लावून चोरासारखी शिरणार नाही. मला तिथे दारातून जायचे आहे. आयुष्याने मला बाकी सगळे दिले, कुरकुर करायला जागा ठेवली नाही. एवढे एक राहिले आहे, आणि ते मला फार लागते.

तरीही मी थांबले असते. मालकीण मी, शब्द टाकला असता तर दार झाले असते. पण माहेरचे धरावे तर सासर तुटते आणि सासरचे धरावे तर माहेर. म्हटले, भांडून भांडून दमतील. मग ऑक्टोबर आला.

ब्रनो शहरातून आलेली दोन भावंडे, बहीण आणि भाऊ, स्तारेत्सवरून उतरत होती. वर बर्फ सुरू झाला, धुके आले. नकाशावर निवारा होता आणि तो त्यांना सापडलाही. हाताला भिंत लागली. भिंतीला हात लावून ती दार शोधत चालू लागली. कोपरा आला, दुसरी भिंत. कोपरा आला, तिसरी. पुन्हा पहिली. शिडी आमच्या शहाण्यांनी हिवाळ्यासाठी काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी बचाव पथकाबरोबर झिवा वर गेली. परत आल्यावर माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजी, भिंतीला लागून बर्फात गोल वाट पडली होती. खोल. ती दोघं फिरतच राहिली होती गं."

शेवटी बहिणीने भावाच्या खांद्यावर चढून खिडकीची काच फोडली आणि भावाला वर ओढून घेतले. दोघे जगली. भावाची दोन बोटे गेली. झिवा त्याला दवाखान्यात बघायला गेली तेव्हा त्याने तिला विचारले, "दार कुठे होतं? आम्हाला का नाही सापडलं?" माझी नात जिभेने तिखट आहे, मंत्र्यालाही ऐकवून येईल. तिने फक्त त्याच्या हातावरचे पांघरूण नीट केले आणि निघून आली.

आणि त्यानंतरच्या बैठकीत व्हेन्को आणि लोय्झे कशावरून भांडले? फुटलेली काच कोणत्या गावाने बसवायची यावरून. त्या दिवशी माझे ठरले.

मी आयुष्यभर त्या दारात उभी राहिले आहे, तेव्हा बोलायचा हक्क माझा. गावाकडून येणारा माणूस ऊन बघून निघतो. गात येतो, पिशवीत सॉसेज असते. त्याला दार धुराड्यात ठेवले तरी सापडेल. ज्याला दार खरोखर लागते तो वरून येतो. डोंगराकडून येतो, भिजलेला असतो, बोटे बधीर झालेली असतात, आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसते. पोडलाझ आणि झाब्रदो ही नावेही त्याने ऐकलेली नसतात. दार त्याच्यासाठी असते.

म्हणून माझी इच्छा आणि अट अशी: निवाऱ्याचे दार उत्तरेच्या भिंतीत, स्तारेत्सकडे तोंड करून असावे. खिंडीतला वारा पूर्व-पश्चिम वाहतो आणि ती भिंत झाडून जातो, तेव्हा बर्फाची सबब कोणी सांगू नये. दार आतल्या बाजूला उघडावे. हिवाळी खोलीला कुलूप नसावे, कडी नसावी, हल्ली निघाली आहे ती आकडे दाबायची पेटीही नसावी. ही अट पाळल्यास कुरण मी दोन्ही गावांना सामाईक देत आहे, आणि निवारा चालवण्याचा हक्क झिवाला, तिच्या हयातीपर्यंत.

माझ्या दफनाच्या दिवसापर्यंत दार झाले नाही, तर कुरण, झरा आणि त्यावरील चार भिंती राजधानीतल्या एका बड्या गिर्यारोहक मंडळाला जातील. नाव वेगळ्या पाकिटात बंद केले आहे. ते लोक आठवड्यात दार पाडतील, दारावर कॉफीच्या यंत्राची पाटी लावतील, आणि व्हेन्को व लोय्झे यांनी आपल्याच खिंडीत रांगेत उभे राहून, नाव नोंदवून, कागदी पेल्यातून सूप प्यावे.

माझ्या मागे जे जेवण घालायचे ते वर निवाऱ्यात घालावे. जवाचे सूप, सोबत वाळवलेले मांस, आणि घरची नाशपातीची दारू तळघरात मागच्या फळीवर आहे. रडायचे असेल त्याने जेवून रडावे.

साक्षीदार म्हणून मी पशुवैद्य डॉक्टर बोगोमिर आणि पोस्टातली स्लाव्का यांना बोलावले आहे. बोगोमिर खोटे बोलत नाही म्हणून. स्लाव्का काहीही पोटात ठेवू शकत नाही म्हणून. तिची सायकल दोन्ही गावांत फिरते.

पुढे लिहिते. वरचे सगळे मी बुधवारी दोघांना वाचून दाखवले. सही करणार तोच बोगोमिरला कोणाची तरी गाय अडल्याचा निरोप आला, तो उठून गेला आणि सही राहिली. स्लाव्का म्हणाली, "पाव्लाताई, मी कुण्णाला सांगणार नाही हं." मी म्हटलं, "तुझ्यावर विश्वास आहे म्हणून तर बोलावलं."

गुरुवारी लोय्झे आला नाही. शुक्रवारी व्हेन्कोचा फोन आला नाही. आज शनिवारी सकाळी झिवा हॉटेलातून परस्पर माझ्या दारात उभी. म्हणाली, "आजी, जाकीट घाल. तुझे ते कागदही घे. आणि कुरकुर करू नकोस." अंगणात लोय्झेची पोरे स्वयंपाकघरातल्या खुर्चीला दोन दांडे बांधत होती. त्या खुर्चीवर बसवून त्यांनी मला वर नेले. मी वाटभर कुरकुर केली. अर्ध्या वाटेवर झाब्रदोची पोरे खांदा द्यायला उतरली आणि पोडलाझच्या पोरांनी दांडे त्यांच्या हातात दिले.

वर दगडाची धूळ उडत होती. उत्तरेच्या भिंतीत माणूसभर उंचीची जागा फोडलेली होती. व्हेन्को कडा तासत होता आणि लोय्झे गुडघ्यांवर बसून चौकटीत पाचरी ठोकत होता. मला बघून लोय्झे उठला. "काय गं वहिनी, राजधानीवाल्यांना देणार होतीस?"

"देणार होते."

"आम्हाला विचारलंसही नाहीस."

"तीन उन्हाळे विचारत होते रे बाबांनो."

व्हेन्को छिन्नी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "ताई, ब्रनोच्या त्या पोरांना मी पत्र पाठवलंय. लोय्झेनंही खाली सही केलीय. या म्हटलं, जेवायला. दार दाखवतो म्हटलं." मग छिन्नी खाली ठेवून त्याने हात पुढे केला. "चल. आत चल."

"सोड," मी म्हटलं. "माझी मी जाते."

झिवाने काठी दिली. मी चालत गेले. उंबरठा अजून नव्हता, कच्चा दगड होता. त्यावर पाय ठेवला आणि आत गेले. आत लार्चच्या लाकडाचा वास होता. मी रडले. खूप रडले, आणि दोन्ही म्हातारे बाहेर उभे राहून डोंगराकडे बघत होते, कारण त्यांचेही तेच चालले होते. झिवाने चूल पेटवली. हॉटेलवाल्यांना तिने काल नकार कळवला, मला आत्ता सांगते आहे.

तरी कलम ४ मधील अट माझ्या हयातीत पुरी झाली असे समजावे, राजधानीतल्या मंडळाचे पाकीट मी चुलीत टाकले आहे. बाकी सर्व कलमे, रंधा आणि ओळंबा धरून, कायम. बोगोमिर आणि स्लाव्का वर आले आहेत, दोघांनी ओंडका आणला आहे. दोघांसमोर सही करत आहे.

सही: पाव्ला रुतार

साक्षीदार: १. बोगोमिर मेलिंक, पशुवैद्य, पोडलाझ
२. स्लाव्का येरेब, पोस्ट, झाब्रदो (मी फक्त सात-आठ जणांना सांगितलं.)

दिनांक: शनिवार, १४ जून २०१४

ठिकाण: वेतर्ना खिंडीतला निवारा. दारातून आत येऊन.